पीच, पुरणयंत्र आणि बेलिनी

आमच्या न्यू जर्सीला ‘गार्डन स्टेट’ का म्हणतात, हे टर्नपाइकवरून नुसत्या जाणाऱ्या-येणाऱ्याला कधीच कळायचं नाही. त्याला दिसतात त्या तेलाच्या टाक्या आणि गोदामं. जुलै उलटता उलटता गाडी दक्षिणेकडे, फळबागांच्या भागात घातली की मग उलगडा होतो. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडलेल्या असतात आणि गाडीची काच खाली केली की पीचचा वास आत येतो. पिवळे पीच सगळ्यांच्या ओळखीचे. पण आतून पांढरट आणि कोयीजवळ गुलाबी असणारे पांढरे पीच हे प्रकरण वेगळं आहे. आंबटपणा कमी, वास अधिक, आणि अंगठा जरा जोरात लागला तरी डाग पडेल इतकी नाजूक जात. पायरी मोठी की हापूस यावरून भर जेवणात वाद घालणारी आपण माणसं, आपल्याला हा फरक समजावून सांगायला नको.

या पांढऱ्या पीचचं वेनिसमध्ये एक पेय करतात. त्याचं नाव बेलिनी. पीचचा गाळलेला गर आणि त्यावर प्रोसेको नावाची फसफसणारी इटालियन वाईन. पाहायला गेलं तर एवढंच. पण त्यामागची हकीकत मला फार आवडते, कारण ती परदेशात पैसे संपलेल्या एका मुलाची आहे. हॅरी पिकरिंग हा तरुण अमेरिकन वेनिसमध्ये अडकला होता. तिथल्या हॉटेलातल्या जुझेप्पे चिप्रियानी या बारमननं त्याला पदरचे पैसे उसने दिले. मुलगा गेला तो गेलाच. लोक हसले असणार. पण पुढे तो परत आला आणि घेतल्याच्या कितीतरी पट रक्कम चिप्रियानींच्या हातात ठेवून म्हणाला, आता स्वतःचा बार काढा. १९३१ साली तो निघाला आणि त्याचं नाव पडलं ‘हॅरीज बार’. तिथेच १९४८ साली त्यांनी हे पेय केलं. त्याचा फिका गुलाबी रंग पाहून त्यांना वेनिसचे जुने चित्रकार जिओवानी बेलिनी यांच्या चित्रांतला रंग आठवला, म्हणून हे नाव. (संगीतकार बेलिनी निराळे.)

हे सगळं मला सांगितलं आमच्या विहीणबाईंनी. आमच्या मुलीनं न्यू जर्सीतल्या एका इटालियन-अमेरिकन घरातला मुलगा पसंत केला, त्याची ही आई. ‘विहीणबाई’ हा शब्द त्यांनी आठवडाभर घोकून पाठ केला आणि आता त्या मला फोनवर तीच हाक मारतात. त्यांचं मूळ नेपल्सकडचं, त्यामुळे बेलिनी काही त्यांच्या घरातली नव्हे. वेनिस त्यांना जवळजवळ आपल्याला कोलकाता असावं तसं. त्यांच्या घरातली वस्तू म्हणजे वाईनमध्ये भिजवलेले पीच. त्यांचे वडील उन्हाळ्यात रविवारी जेवणाआधी सुरीनं पीचच्या फोडी करून वाईनच्या जगमध्ये टाकत. जेवण होईपर्यंत त्या मुरायच्या आणि शेवटी पोरांच्या वाट्याला एकेक फोड यायची. आजी, आजोबा, पाद्रीबाबा, सगळे त्याच टेबलाशी बसलेले. हे त्या इतक्या सहज सांगत होत्या की ऐकताना मला आमचंच बेसमेंट आठवलं.

बेसमेंट म्हणजे काय ते या अंकाच्या वाचकांना मी काय सांगावं! पार्टी आपली, घर आपलं, तरी बाटली कागदी पिशवीतून येते आणि तडक जिना उतरून खाली जाते. पुरुषमंडळी खाली, बायका वर स्वयंपाकघरात, आणि मुलं चकलीच्या प्लेटी घेऊन जिन्यावर ये-जा करत असतात. त्यांना सगळं ठाऊक असतं. भारतातून आईवडील आलेले असले की खालचं दारही लावून घेतलं जातं. मी यावर पुष्कळ हसले आहे, पण नुसतं हसून सोडून देता येईल अशी ती गोष्ट नाही. आईच्या पाठचा भाऊ, माझा मामा, दारूनं गेला. आधी नोकरी गेली, मग सांगलीजवळची जमीन, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी तो. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा, म्हणजे वेनिसमधल्या बेलिनीहून एका वर्षानं धाकटा. आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिच्या आयुष्यात दारू ही एकच वस्तू होती, ती ज्या घरात शिरली त्या घराचं काय झालं ते तिनं पाहिलेलं होतं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे साखरपुडा ठरला. आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेली. आणि विहीणबाईंचा उत्साहानं फोन आला, पेय मी करणार, बेलिनी, पीच ऐन भरात आहेत! आमचे हे म्हणाले, “करू दे की. खाली ठेवू. आईंना कळायचंही नाही.” मी म्हटलं, खाली काही जाणार नाही. टेबलावर तरी असेल, नाहीतर मुळीच नसेल. आणि आईला मी आधी विचारणार. विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्यांच्या घरची रीत आहे ना? मग तू मला लपवून काही करू नकोस, एवढंच.”

तर आदल्या संध्याकाळी विहीणबाई पीचची पेटी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या. त्यांचा पहिला नियम असा, की मिक्सर लावायचा नाही. मिक्सरमध्ये गरात हवा शिरते, फेस होतो आणि तो लवकर काळा पडतो. गर हातानं चाळणीतून दाबून काढायचा. त्या चाळणी शोधत होत्या तेवढ्यात आईनं उठून ओट्याखालून आमचं पुरणयंत्र काढलं. बारीक जाळी बसवली, पहिला पीच घातला आणि दांडा फिरवला. खाली जो मऊ, एकसारखा गर पडला तो बघून विहीणबाई इटालियनमध्ये काहीतरी उद्गारल्या. दोन मोठ्या पीचचा साधारण वाटीभर गर निघतो. पीच चांगले पिकलेले हवेत. साल निघत नसेल तर उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात घालावेत, सोलीव बदामासारखी साल सुटते. गरात लिंबाचे चार थेंब पिळले की रंग टिकतो. गुलाबी छटा कमी वाटली तर दोन-तीन रास्पबेरी बरोबर गाळाव्यात. साखर मात्र नको. गोडी लागत नसेल तर पीच चुकीचे आणलेत असं समजावं.

वाईनबद्दल एक सांगून ठेवते, कारण दुकानात सगळे इथेच चकतात. प्रोसेकोच्या बाटलीवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं ही सगळ्यांत कमी गोड. तसं नाही, ‘ब्रूट’ तिच्याहून कमी गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. पीच आधीच गोड, तेव्हा ब्रूटच घ्यावी. शॅम्पेन उगाच घालू नये. शॅम्पेनचे बुडबुडे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून तयार होतात आणि ती यीस्टवर महिनोन्‌महिने पडून राहते, त्यामुळे तिला पावासारखा वास येतो. प्रोसेको बहुतेक मोठ्या बंद टाकीत आंबवतात, म्हणून तिच्यात फळाचा वास ताजा राहतो. पीचशी तिचंच जमतं. २००९ सालापासून त्या द्राक्षाला ‘ग्लेरा’ म्हणतात आणि ‘प्रोसेको’ हे नाव ईशान्य इटलीतल्या ठरावीक प्रदेशातल्या वाईनपुरतं राखून ठेवलं आहे.

गार हे सगळंच हवं. गर, बाटली, ग्लाससुद्धा. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची राहिली तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बुडवावी. पॉटचं आइस्क्रीम फिरवलेल्यांना ही युक्ती ठाऊक आहेच. बाटली उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, म्हणजे फट्‌ आवाज न होता नुसता सुस्कारा येतो. आमच्या ह्यांना आवाज हवा होता. त्यांना बाहेर अंगणात पाठवलं.

मग ग्लासात आधी गर, ५० मिलिलिटर. त्यावर १०० मिलिलिटर प्रोसेको, ग्लास तिरका धरून, अगदी हळू. गराच्या कणांना वायू चिकटून फेस भसकन वर येतो, म्हणून अर्धी ओतून थांबायचं, फेस बसू द्यायचा, मग उरलेली. लांब चमच्यानं एकदाच खालून वर ढवळायचं. एका बाटलीत सात ग्लास होतात. आणि प्रोसेको साधारण ११ टक्क्यांची असल्यामुळे एका ग्लासात अमेरिकेच्या हिशेबातल्या एका ‘ड्रिंक’च्या दोन-तृतीयांशाहूनही थोडं कमीच अल्कोहोल जातं. अर्थात हा हिशेब एका ग्लासाचा. फळाच्या गोडव्यामुळे दुसरा केव्हा संपतो ते कळत नाही, म्हणून आम्ही बाटल्या मोजूनच आणल्या होत्या.

आंब्याची बेलिनी करून बघितलीत का, असं मला हटकून विचारतात. २००७ पासून हापूस अमेरिकेत यायला लागला तेव्हापासून आपल्याकडे आंब्याचं काहीही करतात. केली, आणि पटली नाही. आंब्याचा रस जड, तो तळाशी बसतो आणि वाईनला बोलूच देत नाही. डब्यातल्या गोड पल्पची तर गोष्टच नको. आमरस पुरीबरोबर खावा.

दुसऱ्या दिवशी दोन तबकं मांडली. एकात बेलिनी, दुसऱ्यात तोच गर, लिंबू, किंचित मीठ आणि गार सोडा. ग्लास दोन्हीकडे सारखेच, उंच. हा माझा हट्ट होता. एवढ्या माणसांत ज्याला प्यायची नाही, किंवा ज्यानं प्यायलाच नको, असं कोणीतरी असतंच, आणि त्याच्या हातात प्लॅस्टिकचा पेला देऊन “का हो, घेत नाही?” असं कोणी विचारू नये. फक्त सोड्याच्या ग्लासांत पुदिन्याचं पान होतं, आणि पोरांना ते नीट बजावलेलं होतं. बरोबर कोथिंबीर वडी आणि खारे काजू. गोड पेयाबरोबर खमंग, तेलकट काहीतरी हवंच. विहीणबाईंनी कोथिंबीर वडी सात खाल्ल्या, मी मोजल्या.

आईनं पुदिन्याचा ग्लास घेतला. सगळ्यांनी ग्लास उंचावले तेव्हा तिनंही उंचावला. एक घोट घेऊन म्हणाली, “वेलदोडा हवा होता.”

रात्री पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी ग्लास पुसत होतो. टेबलावर एका बाटलीत बोटभर उरलेली होती. आई तिच्याकडे बघत म्हणाली, “आपला बाळ्या कधी कोणासमोर प्यायला नाही. मी त्याच्या हातात ग्लास पाहिलाच नाही ग कधी. दार लावून घ्यायचा.” मामाचं नाव तिच्या तोंडून मी कित्येक वर्षांनी ऐकत होते. चारचौघांत बसून प्यायला असता तर वाचला असता, असं काही मला वाटत नाही. दारूचा आजार इतका साधा नसतो, आणि ती तसं म्हणालीही नाही. ती पुढे बराच वेळ त्याच्याबद्दल बोलत राहिली. तो पेटी कशी वाजवायचा, विहिरीत कुठून उडी मारायचा, तिच्या लग्नात किती रडला.

मग तिनं उरलेल्या गराचं काय करणार असं विचारलं. मोठं पातेलंभर होता. सकाळी तिनंच त्यात दूध, चमचाभर साखर आणि भरपूर वेलदोडा घातला, आणि आम्ही तो गरम पोळीबरोबर खाल्ला.