खटक्याचें वचन

कुत्र्याचें शेंपूट सहा महिने नळींत घातलें तरी वाकडें तें वाकडेंच, असा निकाल आपल्या भाषेनें कधींच देऊन टाकला आहे. असा निकाल लागला म्हणजे शिक्षकाचें काम सोपें होतें. शिष्य शिकला नाहीं तर दोष शेंपटाचा, आणि उपाय म्हणून कोपऱ्यांत काठी आहेच. ज्या समाजानें छडीला विद्येची थोरली बहीण मानलें, त्यानें मुक्या प्राण्याला निराळा न्याय लावला असता तरच नवल! परंतु आम्हांस वाटतें कीं, या म्हणींतला खरा दोष शेंपटाचा नसून नळीचा आहे.

नळीवांचून शिकविण्याची एक रीत आतां सिद्ध झाली आहे, आणि तिचें साधन हंसूं यावें इतकें क्षुल्लक आहे. मुठींत मावेल एवढी डबी, तींत पोलादाची लवचीक पट्टी. अंगठ्यानें दाबली कीं 'खट्' असा आवाज होतो. हिलाच क्लिकर म्हणतात. ज्या कृतीचें फळ सुखाचें, ती कृति प्राणी पुन्हां करतो, हें थॉर्नडाइक यानें १८९८ सालीं मांजरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. पुढें स्किनर यानें त्याचें शास्त्र बनविलें, व केलर आणि मरियन ब्रेलंड या त्याच्या शिष्यदांपत्यानें तें प्रयोगशाळेबाहेर कुत्र्याकोंबड्यांपर्यंत नेलें. कॅरन प्रायर या बाईंनीं हवाई बेटांत शिटीच्या खुणेनें डॉल्फिनांस शिकविलें. डॉल्फिनाच्या गळ्यांत साखळी घालतां येत नाहीं, त्याला काठीहि मारतां येत नाहीं. रुसला तर तो सरळ पोहत निघून जातो. अशा शिष्यापुढें गुरूला स्वतःची अक्कल वापरावीच लागते.

या रीतीचें मर्म क्षण पकडण्यांत आहे. कुत्रें बसतें, आपण खिशांतून तुकडा काढीपर्यंत तें उठून उभें राहतें, मग बक्षीस बसण्याचें कीं उठण्याचें, हें त्यानें कसें ओळखावें? खटका नेमक्या त्या क्षणावर बोट ठेवितो, आणि तुकडा मागून सावकाश आला तरी चालतो. आमच्या दारच्या गांवठी कुत्र्यावर आम्हीं हा प्रयोग बॉलपेनच्या खटक्यानें आणि भाकरीच्या तुकड्यांनीं करून पाहिला आहे. थोड्याच दिवसांत तें उंबऱ्याबाहेर बसून राहूं लागलें. परंतु शिस्त त्याच्याइतकीच आम्हांलाहि लागली. कारण खटका हें एक वचन आहे. तो वाजला कीं तुकडा द्यावयाचाच. चुकून वाजला तरी द्यावयाचा. वारंवार वचन मोडलें कीं तो आवाज पोकळ होतो.

हा कोणास घरगुती खेळ वाटेल. पण जेथें माणसाचा जीव कुत्र्याच्या नाकावर टांगलेला असतो, तेथें त्याचें मोल कळतें. गडचिरोली जिल्ह्यांत, कुरखेडा तालुक्यांतील जांभुळखेड्याजवळ, १ मे २०१९ रोजीं, ऐन महाराष्ट्रदिनीं, भूसुरुंगाच्या स्फोटांत १५ पोलीस जवान व त्यांचा वाहनचालक मृत्युमुखीं पडले. असा सुरुंग हुंगून काढणाऱ्या श्वानाला शिकवावयाचें तें हें: स्फोटकाचा वास आला कीं उकरावयाचें नाहीं, मुकाट्यानें जागेवर बसावयाचें. बसला कीं त्याचा आवडता चेंडू त्याला मिळतो. त्याच्या लेखीं हा सारा चेंडूचा खेळ. मृत्यूची वार्ता फक्त माणसाला कळते.

आतां हाच श्वान मार खाऊन शिकला आहे, अशी कल्पना करा. भ्यालेल्या कुत्र्याचें चित्त वासावर नसतें, मालकाच्या चेहऱ्यावर असतें. मार चुकवावा म्हणून तें भलत्याच जागीं बसतें, किंवा नको ती जागा ओलांडून पुढें जातें. भयानें आज्ञाधारकपणा मिळेल. खरी बातमी मिळणार नाहीं.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतहि या नाकाला काम आहे. ताडोबालगतच्या जंगलांत २०१२ सालीं शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यांत वाघ अडकले होते. वाघाचें कातडें वा हाडें हुंगून काढणारे श्वान तयार करण्याचा उपक्रम 'ट्रॅफिक' या संस्थेनें २००८ सालीं आपल्या देशांत आरंभिला, व महाराष्ट्राच्या वनखात्यासहि असे श्वान मिळाले. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रांत श्वान आणि त्याला सांभाळणारे वनकर्मचारी कित्येक महिने बरोबरीनें शिकले आहेत, व त्या शिक्षणाचा पायाहि शाबासकी हाच आहे.

लाडानें कुत्रें डोक्यावर बसतें, असा आक्षेप येईल. पण लाड म्हणजे न कमावतां मिळालेला तुकडा; येथें तो कमवावा लागतो. नको त्या कृतीला कांहींच मिळत नाहीं, आणि कांहींच न मिळणें म्हणजे काय, हें कुत्र्याला चांगलें समजतें.

माणसांच्या घरीं हा हिशेब बहुधा उलटा असतो. मूल खोटें बोललें कीं आपण तत्काळ जागे होतों. तें खरें बोलतें त्या क्षणीं मात्र आपलें लक्ष वर्तमानपत्रांत असतें. लोणच्याची बरणी आपल्या हातून फुटली, हें सांगावयास मूल आपण होऊन आलें असतां आपण प्रथम काय करितों, यावरच पुढची बरणी फुटल्याचें आपणांस कळणार कीं नाहीं, हें ठरतें.