माझे नाव नारायण

शेक्सपिअरने नावाला फारशी किंमत दिली नाही, असे आमचे इंग्रजीचे सर एकदा वर्गात सांगत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी "नाऱ्या, ऐक रे!" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण मनात आले, शेक्सपिअरला घनसावंगी तालुक्यात सून म्हणून नांदावे लागले असते, तर नावात किती काय असते ते त्याला बरोबर कळले असते!

माझे नाव नारायण. हे माझ्या आजोबांचे नाव. माझ्या जन्माच्या आधी दोन वर्षे ते वारले. त्यामुळे घरात मुलगा झाला तेव्हा आजोबाच परत आले असे सर्वांनी ठरवले, आणि बारशाला आत्याने पाळण्यात वाकून माझ्या कानात ते नाव सांगितले. आत्या घरची लेक, तिला अडचण नव्हती. अडचण झाली ती आजीची आणि आईची. आजीने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, आईने सासऱ्याचे. नवऱ्याचे नाव निदान उखाण्यात तरी घेता येते, सासऱ्यासाठी तीही सोय नाही. म्हणजे ज्या दोघींच्या मांडीवर मी वाढलो, त्या दोघींनाही माझे नाव वर्ज्य! आजी मला 'मालक' म्हणायची. आई 'बापू' म्हणते. आमच्या घरी सत्यनारायण होतो, पण आई शेजारणींना सांगताना 'सत्यदेवाची पूजा' असेच सांगते.

लहानपणी मला याची गंमत वाटे. पण मी आठवीत असताना तापाने फणफणलो आणि वडील परगावी असल्याने आई एकटीच मला दवाखान्यात घेऊन गेली. खिडकीतल्या माणसाने विचारले, "पेशंटचं नाव?" आई गप्प. त्याने पुन्हा विचारले. मी ग्लानीत होतो. शेवटी आई म्हणाली, "सत्याच्या पुढं येतं ना, पूजेत, ते." मागे रांग वाढत होती. त्या गृहस्थांनी घाईघाईने कागदावर 'सत्यवान' लिहिले! पुढे तासभर सत्यवानाच्या नावाचा पुकारा होत राहिला आणि कोणीच उठले नाही. आई माझे डोके मांडीवर घेऊन आपला नंबर कधी लागतो याची वाट पाहत बसली. घरी आल्यावर सगळे पोट धरून हसले. आई हसली नाही. त्या रात्री माझ्या उशाशी बसून ती रडत होती, हे मी तापातही पाहिले. तेव्हापासून या नावाचा मला राग येऊ लागला. जे नाव संकटातसुद्धा आईच्या तोंडी येत नाही, ते काय कामाचे?

महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात या नावाचा थोडा शोध घेतला. 'नार' म्हणजे पाणी आणि 'अयन' म्हणजे राहण्याचे ठिकाण. ज्याचे वसतिस्थान पाणी, तो नारायण. 'नर' म्हणजे माणूस. त्यावरून सर्व माणसांचा आश्रय तो नारायण, अशीही फोड केली जाते. पाण्याचा हा संबंध मला विशेष वाटला. कारण वडील लाडाने 'नारू' म्हणाले की आजी भयंकर चिडायची. तिच्या तरुणपणी नारूचा रोग फार. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरून पाणी भरत, तेच पाणी पीत, आणि वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा लांब जंत बाहेर येई. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे. भारत या रोगातून मुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले. पाण्यात राहतो तो नारायण आणि पाण्यातून येतो तो नारू! आजीचा राग रास्तच होता.

मुलाला देवाचे नाव का द्यायचे, याचे उत्तर भागवतातल्या अजामिळाच्या कथेत आहे. जन्मभर पापे केलेल्या अजामिळाने मरताना आपल्या धाकट्या मुलाला, नारायणाला, हाक मारली आणि त्या नावानेच तो सुटला. आपल्याकडचे आईबाप मुलाला हाक मारता मारता पुण्य जोडतात, ते असे. हे काही आपल्यापुरतेच नाही. स्पेनमध्ये आणि स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मुलाचे नाव सरळ 'हेसूस', म्हणजे येशू, ठेवतात. 'साल्वादोर' हेही तिकडचे आवडते नाव. त्याचा अर्थ तारणारा. साल्वादोर दाली (१९०४–१९८९) हा जगप्रसिद्ध चित्रकार. त्याच्या जन्माआधी त्याचा थोरला भाऊ वारला होता, त्याचेही नाव साल्वादोरच. गेलेल्या माणसाचे नाव अंगावर घेऊन वाढणारा मी एकटाच नाही, हे वाचून बरे वाटले.

मग मी नावबंधू शोधू लागलो. पेशवा नारायणराव १७७३ साली शनिवारवाड्यात मारला गेला, तेव्हा तो ऐन तारुण्यात होता. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. विद्यार्थ्यांनीही त्यांना नमस्कार करायला हरकत नाही. नारायण श्रीपाद राजहंस यांना तर महाराष्ट्र बालगंधर्व म्हणूनच ओळखतो. आपल्या जालन्याशी जवळचे नाव म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या तरुणाने १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण त्या काळी कोर्टापर्यंत गेले, आणि त्या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली. पुढे नारायणरावांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. कवी नारायण वामन टिळकही १८९५ साली ख्रिस्ती झाले. या दोघांनी घर सोडले, धर्म बदलला, पण नारायण हे नाव टाकले नाही. ते का, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, बाकी सारे माणूस स्वतः निवडू शकतो. नाव मात्र कोणीतरी मायेने दिलेले असते. कवी नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांची गोष्ट तर हेच सांगते. टाकून दिलेले ते मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले, आणि पुढे त्याला आपले नाव लावू दिले.

पण या साऱ्यांत मोठा नारायण आमच्या शेजारचा. जांबच्या सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ साली रामनवमीला जन्मलेला मुलगा नारायण, तेच समर्थ रामदास. परंपरा सांगते की बारा वर्षांचा नारायण लग्नाच्या बोहल्यावरून 'सावधान' ऐकताच पळाला. बारा वर्षे टाकळीला तप आणि बारा वर्षे देशभ्रमण करून तो जांबला परतला, तेव्हा रडून रडून आई राणूबाईची दृष्टी गेली होती. दारातला आवाज ऐकून तिने आपला नारोबा ओळखला. जगाला तो रामदास, आईला मात्र नारोबाच.

गेल्या रामनवमीला मी आईला जांबला घेऊन गेलो होतो. कीर्तनात हाच प्रसंग लागला. आईने पदर डोळ्यांना लावला. परतताना एस.टी.त मी धीर करून विचारले, "राणूबाईनं लेकाला नावानं ओळखलं. तू का गं नाव घेत नाहीस? आता आजोबा नाहीत, आजीही नाही."

आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "तिच्या सासऱ्याचं नाव नारायण नसंल, बापू."

यावर मी काय बोलणार? गाव आल्यावर उतरताना ती एवढेच म्हणाली, "नाव नाही घेतलं म्हणून मी कधी हाक मारली नाही का तुला?"

मी जालन्याला राहतो आणि माझा डबा रोज सकाळच्या एस.टी.ने गावाहून येतो. त्याच्या झाकणावर 'नारायण' असे कोरलेले आहे. भांड्यांवर नावे घालण्याचे काम वडिलांचे, म्हणून हेही त्यांनीच केले असेल असे मी धरून चाललो होतो. परवा सहज विषय निघाला तेव्हा वडील म्हणाले, "मी नाही. तुझी आई गेली होती दुकानात. कागदावर लिहून नेलं होतं तिनं." दुकानदाराने मोठ्याने वाचून "नारायण ना?" असे विचारले, तेव्हा तिने नुसती मान हलवली म्हणे.

आई सातवीपर्यंत शिकली आहे. अक्षर तिचे वळणदार आहे. तो कागद मात्र आता कोणाकडेच नाही. असता, तर मी जपून ठेवला असता.

मित्रहो, तुम्ही मला खुशाल नाऱ्या म्हणा. मला आता राग येत नाही. रोज दुपारी झाकण उघडण्यापूर्वी मी ते नाव एकदा वाचतो आणि मग जेवायला बसतो.