फॉरमॅट मारल्यावर उरलेलं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आमच्या घरच्या पीसीचं निवृत्तीचं वय झालं. विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आमचा चौथ्या पिढीचा. प्रोसेसर बदलायचा म्हणजे मदरबोर्ड आला, आणि मदरबोर्ड बदलला की जुनी डीडीआर३ रॅम बाद. शेवटी कॅबिनेट, मॉनिटर आणि जुनी हार्ड डिस्क एवढंच काय ते शिल्लक राहिलं. "मग नवीनच का नाही घेतला?" हा बायकोचा प्रश्न. असो.

नव्या एसएसडीवर विंडोज टाकणं आता अगदीच सोपं झालंय. पेन ड्राइव्ह लावा, चार प्रश्नांची उत्तरं द्या, चहा-पोहे होईपर्यंत काम आटोपतं. एक्सपीच्या काळी साउंडची सीडी, मॉडेमची सीडी शोधण्यात अख्खा रविवार जायचा. करणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र देतो. डिस्कला बिटलॉकर असेल तर मदरबोर्ड काढायच्या आधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नवा बोर्ड जुनं कुलूप ओळखत नाही.

जुनी हार्ड डिस्क जोडली. फोटो, गाणी, बँकेची कागदपत्रं, सगळं जागच्या जागी! मग 'बाबा' नावाचा फोल्डर उघडला.

आमच्या बाबांनी निवृत्तीनंतर गावाकडच्या आठवणी लिहिल्या होत्या. हयात मराठी टाइपरायटरवर गेलेली, त्यामुळे तसाच कळफलक असलेला कृतिदेव फॉन्ट त्यांना चटकन जमला. दोन बोटांनी नाही, दहा बोटांनी टाइप करायचे. पानं झाली अडतीस. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

फाईल उघडली तर मराठीचं एक अक्षर नाही. नुसती रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. पोटात गोळाच आला.

कारण तसं साधं आहे. युनिकोड रुळायच्या आधीचे हे फॉन्ट रोमन अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा चढवायचे. 'किती' हा शब्द फायलीत खरं तर एफ, डी, आर, एच असा साठवलेला असतो. त्याचा 'किती' दिसतो तो फॉन्टमुळे. आणि फॉन्ट राहतो विंडोजच्या फोल्डरात, आपल्या फायलींत नाही. विंडोज नवं आलं आणि मुखवटा जुन्या घरीच राहिला. नशीब, जुनी सी ड्राइव्ह अजून पुसली नव्हती. तिच्या फॉन्ट्सच्या फोल्डरातून कृतिदेव उचलला, इन्स्टॉल केला, फाईल परत उघडली. पहिलंच वाक्य आडाच्या पाण्याबद्दलचं. मी बराच वेळ पुढे वाचलंच नाही.

आता सगळं युनिकोडमध्ये बदलतोय. कन्व्हर्टर मिळतात, पण बाबांचा मजकूर त्यांच्यावर सोडवत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचं बरोबर उलटं. जोडाक्षरं आली की कन्व्हर्टर गडबडतो. म्हणून रोज रात्री दोन पानं, मूळ शेजारी ठेवून, अक्षर न् अक्षर ताडून बघतो. गंमत म्हणजे बाबा असताना हे लिखाण मी इतकं लक्ष देऊन कधी वाचलं नव्हतं. त्यांनी आत्याच्या लग्नातल्या पावसावर चक्क तीन पानं लिहिली आहेत!

काका, तुम्ही मागितलेली प्रत दिवाळीच्या आत पाठवतो. आत्या, पावसाची तीन पानं आधी तुला. तारखा तपासून दे, आणि बाबांनी काही वाढवून सांगितलं असेल तर तेही कळव. काढणार नाही, फक्त खाली टीप देईन.

आणि मंडळी, श्रीलिपी, कृतिदेव, आकृती असल्या फॉन्टांतल्या फायली तुमच्याकडेही असतीलच. फॉरमॅट मारायच्या आधी एकदा उघडून बघा, आणि फॉन्टही त्यांच्याच शेजारी ठेवा.