समोरचे शेत

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातील शाळांपर्यंत नेले. एकच कृती रोज केली की संकटाच्या क्षणी शरीर विचारासाठी थांबत नाही, असे आम्हांस वाटते. वैमानिकाचे शिक्षणही याच सरावावर उभे आहे. उड्डाण होताच, अल्प उंचीवर एंजिन बंद पडले, तर मन मागच्या धावपट्टीकडे धावते. पण त्या वळणात उंची आणि वेग दोन्ही सरतात. म्हणून शिकवतात : नाक खाली करा, साधारण समोरच उतरा. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, 25 जुलै 2022 रोजी, बारामतीहून निघालेले शिकाऊ विमान कडबनवाडीच्या शेतात कोसळले. त्यात एकटीच असलेली प्रशिक्षणार्थी तरुणी बचावली. 'उड्डाण' हे रूपक आम्ही वर्गात सढळ हाताने वापरतो. त्यात हे समोरचे शेत कधीच नसते.