पाण्याची बाटली

युद्धकथा म्हटली की तोफा, विमाने आणि सेनापती आलेच. मला मात्र त्या साऱ्यांपेक्षा एका साध्या पाण्याच्या बाटलीने अधिक अस्वस्थ केले आहे.

व्हिव्हियन बुलविंकल ही ऑस्ट्रेलियन सैन्यातली परिचारिका. सिंगापूर पडणार हे दिसू लागताच १२ फेब्रुवारी १९४२ रोजी ६५ परिचारिका ‘व्हायनर ब्रूक’ बोटीने निघाल्या. दोनच दिवसांनी जपानी विमानांनी बोट बुडवली. बाराजणी समुद्रातच गेल्या. बाकीच्या सुमात्राजवळच्या बांका बेटाला लागल्या. त्यांतल्या बावीसजणींना १६ तारखेला जपानी शिपायांनी पाण्यात चालत जायला लावले आणि पाठीमागून मशीनगन चालवली. एकवीसजणी मेल्या. व्हिव्हियनच्या कमरेजवळून गोळी आरपार गेली. मेल्याचे सोंग घेऊन ती लाटांवर पडून राहिली.

पुढे बारा दिवस जंगलात लपून या बाईने काय करावे? एका जखमी इंग्रज शिपायाची शुश्रूषा! अखेर उपासमारीने दोघेही जपान्यांच्या स्वाधीन झाले. त्या वेळी गणवेशावरचे गोळीचे भोक झाकायला तिने खांद्यावरून पाण्याची बाटली अडकवली होती. भोक दिसले असते तर मारेकऱ्यांनी साक्षीदार जिवंत ठेवला नसता.

छावणीत तिला ३१ सोबतिणी भेटल्या. त्यांना सारे कळले, आणि साऱ्यांनी तोंडाला कुलूप लावले. तेही साडेतीन वर्षे! कर्णाचे जन्मरहस्य कळल्यावर धर्मराजाने समस्त स्त्रीजातीला शाप दिला, की तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. तो शाप सुमात्रापर्यंत काही पोचला नाही म्हणायचा.

उपासमारीने आणि तापाने १९४५ मध्ये त्यांतल्या आठजणी गेल्या. शेवटची गेली १८ ऑगस्टला. जपानने शरणागती जाहीर करून तीन दिवस झाले होते. छावणीला कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

१९४६ मध्ये व्हिव्हियनने टोकिओच्या खटल्यात साक्ष दिली. कुलूप निघाले, असे वाटले. पण त्या किनाऱ्यावर गोळीबाराआधी परिचारिकांवर बलात्कार झाले होते आणि ते न बोलण्याची ताकीद तिला तिच्याच वरिष्ठांनी दिली होती, असे २०१९ मध्ये इतिहास-संशोधक लिनेट सिल्व्हर यांनी मांडले. पहिले मौन तिने सोबतिणींसह आपखुशीने पाळले. हे दुसरे तिला एकटीलाच वाहावे लागले. २००० साली ती वारली. भोक पडलेला तो गणवेश कॅनबेराच्या युद्धस्मारकात जपून ठेवलेला आहे.