गवळाऊ आणि आम्ही

पांढुर्ण्याचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांचा जो दगडांचा सामना होतो, त्याची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतात आणि दूरचे आप्त आमची खुशाली विचारतात. परंतु त्याच्या आदल्या दिवशी, पिठोरी अमावास्येला, गावोगावी तोरणाखाली जे बैल उभे राहतात त्यांची खुशाली कोणी विचारीत नाही. आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ती हकीकत या आदल्या दिवसाची आहे. त्या तोरणाखालून हळूहळू नाहीशा होत चाललेल्या गवळाऊ बैलाची आणि त्याच्या नाहीसे होण्यातील आमच्या स्वतःच्या वाट्याची.

गवळाऊ ओळखावा कसा? रंगाने तो पांढरा; वळू वयात आला की मान, वशिंड आणि मागचे पुठ्ठे करड्या छटेचे होतात. तोंड लांबट, अरुंद, नाकपुड्यांकडे निमुळते होत गेलेले. डोळे बदामी, किंचित तिरपे. खिल्लारीची तलवारीसारखी शिंगे त्याला नाहीत. गवळाऊची शिंगे आखूड, बोथट आणि जराशी मागे वळलेली. गळ्याखालची पोळी मोठी, कातडी सैल, वशिंडही सैल आणि बहुधा एका अंगाला कललेले. शेपटी मात्र त्या मानाने आखूड. अंगाने हा बैल अवजड नाही. मध्यम बांध्याचा आणि लांबट आहे. त्याची खरी ओळख उभ्या अंगावर होत नाही, ती चालीवर होते. बंडीला जुंपला की चालता चालता तो आपण होऊन दुडक्या चालीवर येतो, आणि चढ लागला तरी ती चाल सोडीत नाही. आमच्या लहानपणी सौंसरच्या बाजाराहून परतताना वडील कासरा सैल सोडून डुलक्या घेत. धवळ्या आणि मोत्या ही आमची जोडी कोणाच्या सांगण्यावाचून घरच्या वाटेला लागत असे.

या चालीला इतिहास आहे. डोंगराळ मुलखातून फौजेची रसद झपाट्याने पोहोचविण्यासाठी मराठ्यांनी ही जात घडविली, असे पशुसंवर्धनाच्या ग्रंथांतून नमूद केलेले आढळते. नकाशा पुढे घेतला की हे म्हणणे मनाला पटते. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा गवळाऊचा मूळ मुलूख, आणि हाच नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा गाभा. अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात रघूजी भोसल्यांच्या फौजा येथून पूर्वेकडे बंगाल-ओरिसापर्यंत धडका देत होत्या. १७५१ च्या तहाने ओरिसा त्यांच्या ताब्यात आला, हे आपण शाळेत शिकलो. त्या फौजेच्या घोडेस्वारांची नावे बखरींनी जपली. परंतु स्वाराच्या पोटात दाणा आणि घोड्याच्या तोंडात चंदी पडावी म्हणून घाटवाटांनी ज्यांनी गोणी वाहिल्या, त्यांचे नाव कोण लिहिणार? घोडा एक दिवस मागे राहिला तर लढाई अडते. रसद मागे राहिली तर फौजच राहत नाही.

फौजेच्याही आधी ही गाय गवळ्यांची होती, हे तिच्या नावातच दिसते. गोंडांच्या पूर्वी देवगडावर गवळी राजे नांदत होते, अशी आमच्या जिल्ह्यात जुनी परंपरा सांगतात. सीमेपलीकडे वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी, कारंजा या भागांत नंदा गवळी समाजाने आजवर हे पशुधन रानात चारून सांभाळले आहे. या गाईचे दूध बेताचेच. एका वेताला सरासरी सहाशे किलोंच्या आसपास. गीर गाय दोन हजारांच्या पुढे जाते. परंतु हिची किंमत शेतकऱ्याने चरवीवरून कधी केली नाही. तिच्या पोटी कोणता गोऱ्हा येतो, यावर ती ठरत असे.

या जातीची एक आप्त जात म्हणजे आंध्रातील ओंगोल. दोघींचे रूप इतके मिळते की जाणकारही त्यांची तुलना करतात. ओंगोलचे वंशज समुद्रापार ब्राझीलला गेले, तेथे नेलोर या नावाने वाढले, आणि आज त्या देशातील गोधनाचा फार मोठा भाग त्याच रक्ताचा आहे. एका बहिणीचा संसार परदेशात एवढा फुलावा आणि दुसरीला माहेरच्या गोठ्यातही जागा उरू नये, हा दैवाचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही. त्याला कारणे आहेत.

पहिले कारण राजकीय रेघेचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि वर्धा मुंबई राज्यात गेले, पुढे १९६० साली महाराष्ट्रात आले. छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. पांढुर्णा-सौंसरची मराठी माणसे या रेघेच्या अलीकडे राहिली हे वाचकांस ठाऊक आहेच. गवळाऊचा मुलूखही त्याच रेघेने दुभंगला हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. या जातीचे सरकारी पैदास केंद्र वर्धा जिल्ह्यात कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे आहे. आमच्या गावाहून ते फार दूर नाही. परंतु ते दुसऱ्या राज्यात आहे. माणसाला पलीकडची सोयरीक करता येते, योजनेला ती करता येत नाही. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून आमचा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी रेघ जेथे होती तेथेच आहे.

दुसरे कारण दुधाचे. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि त्या दशकापासून जर्सी आणि होल्स्टीन वळूंच्या संकराने गोठे भरू लागले. त्यात देशाचा लाभ झाला, मुलांच्या तोंडी दूध गेले. त्याला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु संकरित गोऱ्ह्याला वशिंड जेमतेम असते, त्याच्या मानेवर जू नीट बसत नाही, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो धापा टाकतो. जात सुधारण्याच्या नादात आपण तिच्या अर्ध्या कर्तृत्वावर, म्हणजे बैलावर, काट मारली.

तिसरे कारण ट्रॅक्टरचे. आणि येथे आम्हांस आमची स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे.

२००४ सालची गोष्ट. आम्ही नोकरीनिमित्त तहसिलाच्या ठिकाणी राहत होतो. गावी वडील एकटे, सालदार मिळेनासा झालेला, आणि नांगरणी तासाच्या हिशेबाने ट्रॅक्टर करून देऊ लागलेला. आम्ही पाटीवर हिशेब मांडावा तसा मांडला: कुटार, ढेप, सालदाराचे वर्षाचे पैसे एका बाजूला, ट्रॅक्टरचे भाडे दुसऱ्या बाजूला. हिशेब बिनचूक होता. दादांनी तो ऐकून घेतला आणि एकही शब्द उच्चारला नाही. पुढच्या बाजाराला आम्ही जोडी विकली. ती धवळ्या-मोत्याच्या वंशातली, आमच्याच गोठ्यात जन्मलेली. घेणारा व्यापारी कोठला, जोडी तो कोणाच्या दावणीला नेणार, हे आम्ही विचारले नाही. विचारले नाही, कारण उत्तर ऐकण्याची आमची तयारी नव्हती.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा दादा ओसरीवर बसले होते. आम्ही नोकरीला लागल्यापासून ते आम्हांस 'मास्तर' म्हणत. त्यात अर्धे कौतुक असे, अर्धी थट्टा. त्या दिवशी त्यात दोन्हीही नव्हते. "मास्तर," ते म्हणाले, "बैल इकले त इकले, आता बंडीबी इकून टाक. रिकामी बंडी दारात बरी नाई दिसत." त्या वर्षीच्या पोळ्याला त्यांनी कुंभाराकडून मातीची जोडी आणली, तिच्या खांद्याला तूप-हळद लावली, नैवेद्य दाखविला. तोरणाकडे ते गेले नाहीत. पुढे ते पाच वर्षे होते. पण पोळ्याच्या दिवशी कधी गावात थांबले नाहीत.

ट्रॅक्टरचा हिशेब चुकीचा नव्हता. तो अपुरा होता, हे आम्हांस फार उशिरा उमगले. पराटी कमरेएवढी झाली की तिच्या तासांत ट्रॅक्टर घालता येत नाही. डवरा बैलांनीच फिरवावा लागतो. संत्र्याच्या बागेत खाली आलेल्या फांद्यांमधून आणि वर आलेल्या मुळ्यांवरून यंत्र चालविणे म्हणजे झाडाला इजा करणे. त्या कामासाठी आजही आमच्या गावचे लोक जोडी भाड्याने शोधीत फिरतात. बैलाचे काम संपले असे आम्हीच ठरविले होते. ते संपले नव्हते, केवळ कमी झाले होते. कमी झालेल्या कामासाठी चार घरांनी मिळून एक जोडी ठेवावी, एवढे साधे गणित एम्. ए. झालेल्या माणसाला सुचले नाही.

इंग्लंडात सफक नावाची नांगराला जुंपायची घोड्याची एक भारदस्त जात आहे. आज हयात असलेले त्या जातीचे सारे घोडे १७६८ साली जन्मलेल्या एकाच शिंगरापर्यंत पोहोचतात. हे कळते ते तेथील लोकांनी वंशावळीच्या वह्या ठेवल्या म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आला आणि १९६६ साली त्या जातीची अवघी नऊ शिंगरे नोंदली गेली. परंतु 'नऊ' हा आकडा कळला म्हणूनच लोक जागे झाले, आणि ती जात अद्याप टिकून आहे. आमच्या मनात तेव्हापासून एकच प्रश्न घोळतो: आपल्या गावात किती गवळाऊ उरले, हे आपणांस ठाऊक आहे काय? शाळेच्या दाखल-खारीज वहीत आम्ही प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख लिहितो. त्यावाचून मूल शाळेचे होत नाही. ज्या जनावरावर या मुलांचे पणजोबा जगले, त्याची मात्र कोठे ओळही नाही.

म्हणून गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी आम्ही एक जाड वही आणली. वरच्या वर्गातील मुलांना रकाने आखून दिले: मालकाचे घर, गाय की बैल, रंग, शिंगे, वशिंड, आई कोणाच्या गोठ्यातली, वळू कोणता. पहिल्या दिवशी मुलांनी प्रत्येक पांढऱ्या जनावरापुढे 'गवळाऊ' लिहून आणले. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांनी ती जात पाहिलीच नव्हती. मग एका वृद्ध गुराख्याला आम्ही वर्गात खुर्चीवर बसविले आणि स्वतः मुलांबरोबर बाकावर बसलो. तासाभरात त्याने जे शिकविले, ते आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनात कधी आले नव्हते. दुसऱ्या फेरीत ज्यांपुढे 'गवळाऊ' हा शब्द उरला, ती जनावरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. 'वळू कोणता' हा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहिला.

तो कोरा रकाना आमच्या मनातून जात नाही. वळू नसेल तर उरलेल्या गाई म्हणजे केवळ शेवटची पिढी. पोळ्याला बेगड लावून, झूल घालून, पुरणपोळी भरवून ही उणीव भरून निघणार नाही. आपण मराठी माणसे पूजेला हयगय करीत नाही. हयगय करतो ती दुसऱ्या दिवसापासून. शंकरपटाच्या शौकिनांनी चपळ बैल जपले, त्याचे श्रेय त्यांना द्यावे. परंतु पटाला हवी ती निव्वळ धाव, आणि जात टिकते ती गाय, वळू, चारा आणि रोजचे काम या चारांच्या मेळाने.

या दिवाळीनंतर त्या गुराख्याच्या गाईची कालवड आम्ही घेतली. कुटुंबात प्रथम हसे झाले. निवृत्तीला आलेला हेडमास्तर आता शेण काढणार काय, असे चिरंजीवांनी विचारले. आम्ही उत्तरादाखल दादांची दावण साफ केली. एका कालवडीने जात वाचत नाही, हे आम्हांस पुरते कळते. ती वयात येईल तेव्हा तिच्यासाठी वळू रेघेच्या पलीकडून आणावा लागेल आणि त्यासाठी चार दारे ठोठवावी लागतील. वाचकांपैकी कोणाच्या गावी, आप्तांच्या गोठ्यात, आखूड शिंगांचा, कललेल्या वशिंडाचा असा वळू अजून उभा असेल, तर तो विकण्याआधी थोडे थांबावे, एवढीच प्रार्थना.

बंडी आम्ही त्या वेळी विकली नाही. ती परसात पडून होती; तिचे एक चाक मोडले आहे, ते सुताराकडे दिले आहे.