जुनी परवल, नवी परवल

पहाऱ्यावरील शिपायाची परवल बदलणें फार सोपें. नवा शब्द त्याच्या कानांत सांगितला कीं जुन्याचा प्राण गेला. मग तो जुना शब्द उच्चारीत वेशीशीं कोणीही येवो, दरवाजा उघडत नाहीं. परंतु लिहून ठेवलेल्या मजकुराची परवल बदलणें ही निराळीच गोष्ट आहे. तेथें पहारेकरी नसतो, अक्षरेंच पहारा करितात; आणि ज्या कागदावर तीं जुन्या रीतीनें उमटलीं, तो कागद नव्या शब्दाची दखल घेत नाहीं.

ह्याचें उदाहरण शोधावयास आम्हां वऱ्हाडकरांस दूर जावें लागत नाहीं. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. त्यांतली सकळ लिपी रवळोव्यासानें बसविली असें परंपरा सांगते. युक्ति साधी : एका अक्षराच्या जागीं दुसरें ठरावीक अक्षर घालावयाचें. एवढ्यावर ह्या पोथ्या शेंकडों वर्षें बाहेरच्यांस मुक्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे यांनीं त्या लिपीचा उलगडा केला, आणि एका पोथीचें नव्हे, तर त्या लिपींतल्या सगळ्याच पोथ्यांचीं कुलुपें एकदम गळून पडलीं. मराठीचें ह्यांत केवढें कल्याण झालें हें 'लीळाचरित्र' वाचणाऱ्यास सांगावयास नको. परंतु क्षणभर मठाच्या बाजूनें पाहावें. रहस्य फुटल्यावर मठाधिपतींस काय करितां आलें असतें? गांवोगांवच्या सर्व प्रती गोळा करून नव्या लिपींत उतरवून काढणें आणि जुन्या नाहींशा करणें, एवढाच उपाय. म्हणजे उपायच नव्हे! लष्करी गूढलेखनावर लिहितांना ऑगस्त केर्कहॉफ्स यानें १८८३ सालीं असें प्रतिपादिलें कीं, रीत शत्रूच्या हातीं पडली तरी चालावें, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. सकळ लिपींत रीत हीच किल्ली होती.

हा विचार आमच्या डोक्यांत शिरण्यास कारण झालें वरवट बकाल. संग्रामपूर तालुक्यांतलें हें गांव. उत्तरेस सातपुडा, आणि भोंवतीं पूर्णेच्या खोऱ्यांतला खारपाणपट्टा. ह्या टापूंत मूत्रपिंडाच्या विकारानें किती घरें खचलीं तें येथें राहणारेच जाणतात. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं दोन उन्हाळे घरोघर हिंडून कोण कोणतें पाणी पितो, कोण आजारी, कोणाचें डायलिसिस चालू, अशी नोंद केली आणि ती संगणकावर कुलूपबंद ठेविली. असली यादी डॉक्टरांच्या जितकी उपयोगी, तितकीच सोयरीक मोडणाऱ्यांच्याही. अमक्या घरांत हा आजार आहे, तेथली मुलगी करावी कीं नाहीं, ही कुजबूज आम्हीं आपल्या कानांनीं ऐकली आहे. पुढें विद्यार्थी पांगले. एक पुण्यास, एक नागपुरास नोकरीस लागला. आणि परवलीचा शब्द मात्र पांचांजवळ राहिला. त्यांत अविश्वासू एकही नाहीं. पण पांचांस ठाऊक असलेला शब्द सहाव्यास कळण्यास विश्वासघात लागत नाहीं, रद्दींत गेलेली एक वही पुरते.

तेव्हां शब्द बदलावयाचें ठरलें. हें काम क्षणाचें आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तें कुलपाच्या रचनेवर अवलंबून असतें. कांहीं रचनांत सारा मजकूर एका मोठ्या किल्लीनें बंद केलेला असतो, व आपला शब्द केवळ त्या किल्लीची पेटी उघडतो. लिनक्सवरील लक्स ही पद्धत अशीच. तेथें शब्द बदलला कीं पेटीचें कुलूप बदलतें, आंतली किल्ली तीच राहते. जिची कोणीं पूर्वींच नक्कल करून घेतली असेल, त्याला नव्या शब्दाची पर्वा नाहीं. आमची नोंद एसक्यूएलसायफर नांवाच्या प्रणालींत होती. तिच्यांत किल्ली शब्दांतूनच घडवितात. शब्दांत १६ बाइट मीठ मिसळून तो २,५६,००० वेळां घुसळतात (मीठ हा त्या शास्त्रांतलाच शब्द, खारपाणपट्ट्यांत बसून तो ऐकतांना आम्हांस हसूं आवरेना), आणि निघालेल्या किल्लीनें ४,०९६ बाइटांचें एकेक पान स्वतंत्र बंद करितात. म्हणून 'रीकी' ही आज्ञा सोडली कीं प्रत्येक पान जुन्या किल्लीनें उघडून नव्या किल्लीनें पुन्हा लिहिलें जातें. मठाधिपतींच्या आवांक्याबाहेरचें काम यंत्र निमूटपणें करितें. मात्र समोरच्या एका प्रतीपुरतें.

विजेचा भरंवसा नाहीं, म्हणून आधीं एक प्रत काढून बाजूस ठेविली. मग आज्ञा दिली. मिनिटभरही लागलें नसेल. जुना शब्द घातला, नोंद उघडेना. नवा घातला, उघडली. मुलांनीं टाळ्या पिटल्या. परंतु सावधगिरी म्हणून काढलेली ती प्रत अजून जुन्या शब्दाशींच इमान राखून होती! तशीच एक घरांत, एक नागपुराहून परत आलेली, आणि एक पुण्यास. पेनड्राइव्हवरील फाइल नुसती खोडून भागत नाहीं. खोडलेला मजकूर बहुधा आंत तसाच पडून असतो, आणि जाणकारास तो पुन्हा वर काढतां येतो. शेवटीं त्या घरच्या आजींनीं आपला वरवंटा पुढें केला, आणि हाताशीं असलेल्या तिन्ही प्रतींचा पाट्यावर चुरा झाला.

आजींचा मुलगा त्या यादींत आहे, आणि नात लग्नाची आहे. चुरा कागदांत गुंडाळतांना त्यांनीं विचारलें, "सर, आता आमचं नाव कोनाले दिसन काय?"

"ह्या संगणकांतून नाहीं दिसणार, आजी. पण पुण्यास एक प्रत आहे."

"मंग त्या पुन्यावाल्याले बलावा."

"पोळ्याला येतो म्हणाला आहे, घेऊन."

आजींनीं वरवंटा धुतला आणि नातीच्या हातीं दिला. "नीट ठेव," त्या म्हणाल्या, "पोळ्याले लागन."